म्हशीचे चारशे बारा मेंबर

अन्याय झाला तो आमच्या चौकात म्हैस उभी करून दूध विकणाऱ्या मावशीवर. झाला २००७ साली, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा ते साडेबाराच्या दरम्यान. करणारा मी. पत्रक लिहायला शिकलो तेव्हा पहिला धडा हाच मिळाला होता, की अन्याय कुणावर आणि कधी ते आधी सांगायचं, पाल्हाळ नंतर. पण तोवर लिहिलेल्या माझ्या सगळ्या पत्रकांत करणारा दुसरा कुणीतरी असायचा. म्हणून हे एवढं लिहायला मला दोन वर्षं लागली.

आमच्याकडं कोल्हापुरात सकाळ-संध्याकाळ चौकात म्हशी येतात. गिऱ्हाईक समोर उभं असतं, धार थेट ग्लासात पडते, आणि फेसाळलेला ग्लास हातात येतो. तालमीतून घाम पुसत आलेले पैलवान, फिरायला निघालेले पेन्शनर, ड्युटीवरनं सुटलेले कंडक्टर, सगळे त्या दूधकट्ट्यावर ओळीनं उभे. मावशी कसबा बावड्याहून दोन म्हशी चालवत आणायची. घड्याळ दुरुस्तीच्या एका जुन्या दुकानाच्या भिंतीत लोखंडी कडी होती, तिला म्हशी बांधायची. ती कडी म्हणजे तिची जागा. नव्वदच्या दशकात मी प्राथमिक शाळेत होतो, तेव्हापासून माझा ग्लास तिच्याकडं ठरलेला. "मिशी पूस, मास्तर हसंल," असं म्हणून ती पदरानं माझ्या ओठावरचा फेस टिपायची. बाविसाव्या वर्षी खरी मिशी होती तरी तसंच म्हणायची.

चौकातली दुसरी गोष्ट म्हणजे आमच्या तालमीचा फळा. बातमी, निषेध, अभिनंदन, श्रद्धांजली, सगळं रोज सकाळी खडूनं त्यावर. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून लिहायचं काम माझ्याकडं होतं. आमच्या भागात कुणी स्वतःसाठी 'माझ्या बाजूनं उभं राहा' असं म्हणत फिरत नाही. तसं करणं हलकं समजतात. ते काम फळा करतो. फळ्यावर आलं की माणसं येतात. कुणाचं घर पडलं, कुणाला दवाखान्यात रक्त हवं, फळ्यावर वार, वेळ आणि ठिकाण लिहायचं, बस. मावशीला अक्षर लावून लावून वाचता यायचं, पण सकाळच्या घाईत ती मलाच विचारायची, "आज कुणाला झोडपलंस रं?"

२००६ च्या सुमाराला सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर एक सायबर कॅफे निघाला. तिथं मला एका मित्रानं त्या साइटवर खातं काढून दिलं. साइटचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हता. एकमेकांच्या वहीत लिहावं तसं तिथं स्क्रॅप लिहायचे, मित्र जोडायचे, कम्युनिट्या काढायच्या. पहिल्या आठवड्यात मी तिथं अर्धा तास बसलो. दुसऱ्या महिन्यात कॅफेवाला म्हणाला, "पावणं, तुम्ही उठून गेल्यावर त्या खुर्चीवर दुसरं कोण बसाय तयार न्हाय. गरम आसती."

मला लागण झाली होती हे सगळ्यांना दिसत होतं, मला सोडून. आई जेवायला हाक मारायची आणि मी आतल्या खोलीतनं म्हणायचो, "थांब, लोड होतंय." घरात कॉम्प्युटर नव्हता. आई भाकरी थापताथापता म्हणायची, "काय लोड हुतंय? भाकरी व्हय? ती झाली कवाच." आपल्या पानावर कोण कोण डोकावून गेलं ते साइट दाखवायची, त्याची अशी सवय लागली की एका संध्याकाळी मी समोरच्या काकांना गंभीरपणे विचारलं, "काल तुम्ही आमच्या दारावरनं दोनदा गेलात. काही काम होतं का?" काका म्हणाले, "व्हय. माझं घर तिकडं हाय."

तिथं दुसऱ्यानं आपल्याबद्दल चार चांगले शब्द लिहिले की ते पानावर कायमचे दिसायचे. मला कुणी लिहीना. मग मीच लिहिले: 'झुंजार, निर्भीड, अन्यायाची मनस्वी चीड असलेला तरुण.' मित्राला दिले, त्यानं ते माझ्या पानावर टाकले, आणि मी खाली उत्तर दिलं, 'अरे, एवढं कशाला लिहिलंस, मी साधा कार्यकर्ता.' हे आत्ता लिहिताना कान गरम होतात. त्या वेळी नाही झाले. माणूस भरवशाचा आहे की नाही हे मित्रांनी ठरवायचं आणि तसे हसरे चेहरे नावापुढं लागायचे, अशीही तिथं सोय होती. मला तीन लागले होते. तीनच्या वर नसायचेच.

आमच्या गल्लीतली एक वयस्क बाई वारली. मी फळ्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, आणि हाताच्या सवयीनं त्याच्यापुढं दोन टिंबं आणि एक उलटा कंस काढला. रडका चेहरा. तालमीचे वस्ताद, ज्यांनी मला पत्रक आणि लंगोट दोन्ही बांधायला शिकवलं, ते फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"हे काय हाय?"

"दुःख आहे, वस्ताद."

"आडवं का पडलंय?"

मी हातानंच पुसलं. दिवसभर मात्र जाता-येता माणसं मान वाकडी करून माझ्याकडं बघत होती.

मग मी म्हशीची कम्युनिटी काढली. खरंच सांगतो, सुरुवातीला हेतू चांगला होता. बाहेरगावी गेलेल्या पोरांना कट्ट्याची आठवण येत असेल, असं वाटलं. मित्राचा कॅमेरा आणला. मावशी म्हणाली, "म्हशीचा फोटो कशाला? लगीन काढलंस का तिचं?" तरी तिनं म्हशीच्या पाठीवर पाणी मारलं, शिंगांना तेल लावलं आणि स्वतः फोटोतनं बाजूला झाली. म्हणजे कम्युनिटीवर म्हैस होती, मावशी नव्हती. ते मला तेव्हा खटकलंही नाही.

सहा महिन्यांत चारशे बारा मेंबर झाले. पुण्याचे, बंगळूरचे, दुबईचे. कुणी लिहायचं, 'डोळ्यात पाणी आलं'. कुणी लिहायचं, 'आपली संस्कृती'. मी ते प्रिंट काढून कट्ट्यावर वाचून दाखवायचो.

"मावशी, हा दुबईचा म्हणतोय, असलं दूध जगात कुठं नाही."

"येतोय का प्याला?"

"लांब आहे मावशी ते."

"मग बंगळूरचा?"

"तोही लांबच."

"आसू दे. तू पी," ती म्हणाली आणि ग्लास पुढं केला. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच येणाऱ्या माणसांची संख्या हवी होती.

त्या पावसाळ्यात रस्ता रुंद करायचं ठरलं. चौकातला कट्टा उठवून बावड्याच्या बाजूला, गावाच्या कडेला हलवायचा, असा प्रस्ताव होता. ज्यांची हरकत असेल त्यांनी सोमवारी सकाळी अकराला महापालिकेच्या कचेरीत समक्ष हजर राहावं. नोटिशीची एक प्रत तालमीत आली. वस्तादांनी ती माझ्या हातात दिली आणि सांगितलं, "आठ दिवस फळ्यावर ऱ्हाऊ दे. रोजची पन्नास-साठ गिऱ्हाइकं हाईत तिची, तेवढी आली तरी साहेबाला इचार करावा लागंल." तालमीतर्फे त्यांनी कचेरीला तसं कळवलंही, की लोकांना सांगायचं काम आमचं. आणि ते लेकीकडं शाहूवाडीला निघून गेले.

मी फळा भरून काढला. 'म्हशींना हद्दपारी, मोटारींना पायघड्या.' खाली बारा-पंधरा ओळी, एकाहून एक जळजळीत. आणि सगळ्यात शेवटी, खडूनं लहान अक्षरात: 'सुनावणीचा वार, वेळ व ठिकाण आमच्या कम्युनिटीवर पाहावे.'

असं का लिहिलं? जागा संपली म्हणून, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. जागा होती; त्याच ओळीत वार, वेळ, ठिकाण मावलं असतं. मला चारशे बाराचे पाचशे करायचे होते. लोकांना तारीख पाहिजे असेल तर आधी मेंबर होतील, असा माझा हिशोब होता.

रोज सकाळी दूध पिणारे एक पेन्शनर आजोबा फळा वाचून मला कॅफेच्या जिन्याखाली भेटले.

"ही कम्युनिटी कुठं आली म्हणायची?"

"वर. कॅफेत या, दाखवतो."

त्यांनी जिना बघितला, मग आपले गुडघे. "हितनंच सांग की."

"वर सगळं सविस्तर आहे आजोबा," मी म्हणालो आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेलो. सोमवार, अकरा, कचेरी. तीन शब्द होते.

शनिवारपर्यंत कम्युनिटीवर सदुसष्ट जणांनी 'येतो' लिहिलं होतं. 'नक्की येतो', 'येणारच', 'पाठिंबा', आणि एकानं नुसता हसरा चेहरा टाकला, तोही मी धरला. मी कट्ट्यावर गेलो.

"मावशी, सदुसष्ट जण पक्के."

ती धार काढायची थांबली. "सदुसष्ट? आपल्यासाठी?"

"तुमच्यासाठी. तुम्ही आता कुणाला काही बोलत बसू नका. सगळी व्यवस्था झाली."

आणि ती कुणाला काही बोलली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "फळ्यावर हाय सगळं. पोरगं बघतंय."

सोमवारी नऊ वाजता मी कॅफेत गेलो ते पाच मिनिटांसाठी, सदुसष्टचे अडुसष्ट झाले का बघायला. तर रात्रीत पुण्याच्या कुणा शहाण्यानं लिहून ठेवलेलं, की न उकळलेलं दूध पिणं हा अडाणीपणा आहे. माझं डोकं फिरलं. मी त्याला लिहिलं. त्यानं मला लिहिलं. मी शाहू महाराजांच्या काळापासून सुरुवात केली. त्यानं जंतूंपासून. मध्ये दोन बंगळूरवाले माझ्या बाजूनं उतरले, मला स्फुरण चढलं. कॅफेवाला मागं येऊन उभा राहिला.

"अकरा वाजलं. तुमचं ते आज न्हवं का?"

"दोन मिनिटं."

"मघाशी बी दोनच म्हणलासा."

"मी तेच काम करतोय," मी त्याच्याकडं न बघता म्हणालो. त्या क्षणी मला ते पटलेलं होतं. मावशीच्या म्हशीसाठी मी लढत होतो की. पुण्याचा शेवटी गप्प झाला. मी जिंकलो. वर बघितलं तर सव्वाबारा.

सायकल हाणत कचेरीत पोचलो. मावशी बाहेरच्या पायरीवर बसली होती. ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलेली. शेजारी दुधाची मोठी किटली, आणि फडक्यात बांधलेले सहा काचेचे ग्लास. त्या सकाळी ती चौकात आलीच नव्हती. दोन्ही म्हशींचं दूध काढून, किटली घेऊन बावड्यापासून थेट इथं आली होती. सदुसष्ट माणसं आपल्यासाठी येणार, त्यांना कोरडं कसं पाठवायचं? सहा ग्लास धुवून-धुवून पुरवायचे, असं तिनं ठरवलं होतं. चौकातली गिऱ्हाइकं मोकळी कडी बघून, म्हैस आजारी असेल म्हणून घरी गेली होती.

मावशीनं माझ्या मागं बघितलं. मग रस्त्याकडं.

"ती सदुसष्ट कुठं हाईत?"

मी सायकल भिंतीला टेकवायला लागलो.

"बरं. तू कुठं हुतास?"

"ताप होता," मी म्हणालो.

तिनं उठून माझ्या कपाळावर हात ठेवला. सायकल मारून घाम आलेला, वारा लागून तो गार झालेला. हात तिनं तसाच ठेवला, जरा जास्तच वेळ. "गार हाईस की," ती म्हणाली. मग खाली बसली, फडकं सोडलं, एक ग्लास भरला आणि माझ्या हातात दिला. "पी. उतरंल."

तिथं उभं राहून मी ते दूध प्यायलो. मिशी पूस, असं ती म्हणाली नाही.

आत साहेब होता. त्याच्यावर पत्रक काढता आलं असतं तर फार बरं झालं असतं, पण त्या माणसात काढण्यासारखं काही नव्हतं. "बाई एकट्याच होत्या," तो म्हणाला. "मी दोनदा बाहेर येऊन विचारलं, अजून कुणी येणार आहे का. बारापर्यंत थांबलो. हरकत एक, हजर एक, असं लिहावं लागलं मला." मग त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "लोकांना कळवायचं तुमच्या तालमीनं मान्य केलं होतं ना? कळवलं गेलं नाही, चूक आमची, असं आठ दिवसांत लेखी द्या. मी पुन्हा तारीख लावतो. माणसं आली तर माणसांचं ऐकू."

एवढंच होतं. एक कागद. दोन ओळी.

घरी येऊन बसलो. 'आमच्याकडून' एवढा शब्द लिहिला आणि पुढं हात चालेना. जो हात तासाभरात एखाद्याची सालटी काढायचा, तो 'आमच्याकडून'च्या पुढं जाईना. तीन कागद फाडले. चौथ्या कागदावर आपोआप उतरलं: 'गुपचूप सुनावणीचा जाहीर निषेध.' मग मात्र पेन थांबलं नाही. अंधारात कारभार, गरिबाच्या पोटावर पाय, जनतेला डावलून. सगळं जुळून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कम्युनिटीवर टाकलं, आणि दुपारपर्यंत लोकांनी मला डोक्यावर घेतलं. 'तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून.' मी तिथंच बसून ती वाक्यं पुन्हापुन्हा वाचली.

पत्रकावर मावशीची सही पाहिजे होती, म्हणून चौथ्या दिवशी कट्ट्यावर गेलो. तिनं हात पुसले, कागद घेतला आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचायला लागली. 'गुपचूप'वर बोट थांबलं.

"गुपचूप न्हवती की. साहेब दोनदा भाईर आलता. मला पाणी दिलं त्यानं."

"मावशी, असं लिहावं लागतं."

"कुणाला लागतंय?"

मागं दोन पैलवान ग्लास घेऊन उभे होते. तेही थांबले.

"त्या साहेबाला तुझा कागद पायजे हुता न्हवं? त्यो लिव की."

तिला हे कुणी सांगितलं मला माहीत नाही. बहुधा साहेबानंच. म्हणजे ताप नव्हता हे तिला कळलेलं होतं, चूक कुणाची हे कळलेलं होतं, आणि तरी गेले तीन दिवस ती माझा ग्लास भरत होती.

"उद्या देतो," मी म्हणालो.

पाचव्या दिवशी उद्या म्हणालो. सातव्या दिवशी तिनं शेवटचं विचारलं, "दिलास व्हय रं?" मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, हे मला स्वतःलाही सांगता येणार नाही अशी. आठवा दिवस मी कॅफेत काढला. कुणाशी भांडत नव्हतो, काही लिहीत नव्हतो. नुसतं पान पुन्हापुन्हा उघडून बघत होतो, नवीन काही आलंय का. काही आलं नव्हतं.

वस्ताद परत आले. मी सांगायच्या आधी पेन्शनर आजोबांनी सांगितलं होतं. वस्ताद रागावले नाहीत. सकाळी मी फळ्याकडं गेलो तेव्हा खडूचा डबा त्यांच्या हातात होता. "आता आपण लिवतो काय दिवस," म्हणाले. त्यांचं अक्षर वाईट आहे, ओळ खाली घसरते. वार आणि वेळ मात्र पहिल्या ओळीत असतात.

महिन्याभरात कट्टा हलला. रस्त्याच्या कामात घड्याळाच्या दुकानाची पुढची भिंत गेली. बाकीच्या म्हशीवाल्यांची बावड्याकडंच घरं-गोठे, म्हणून त्यांनी हरकत घेतलीच नव्हती; काहींनी रतीब धरले, निभावलं. मावशीला रतीब धरता येईना. तिची सगळी गिऱ्हाइकं उभ्यानं पिणारी, चौकातली. एक म्हैस तिनं विकली.

तो कागद मी दिला. सहा महिन्यांनी. साहेब बदलून गेला होता. नवीन साहेबानं वाचला, शिक्का मारून पोच दिली आणि म्हणाला, "आता याचं काय करू?" खरंच होतं. कम्युनिटीवरही खरं काय झालं ते सगळं लिहिलं. चाळीस-पन्नास जणांनी दोन टिंबं आणि उलटा कंस पाठवला. मग मी त्या सदुसष्ट जणांची पानं एकेक करून बघितली, पहिल्यांदाच. निम्म्याहून जास्त कोल्हापुरात राहतच नव्हते. ते काही लपवून नव्हतं. प्रत्येकाच्या नावाखाली गाव लिहिलेलं होतं.

मावशीकडं जाऊन तोंडावर कबूल करायला मात्र मला आणखी वर्ष लागलं. कारखान्याच्या रस्त्याला ती उभी होती. उसाचे ट्रॅक्टर जात होते, धूळ उडत होती, तिनं ग्लासांवर फडकं टाकलेलं. समोर एकही माणूस नव्हता. मी बोलायला लागलो तर म्हणाली, "म्हाईत हाय रं. कितीदा सांगशील?" मी तर पहिल्यांदाच सांगत होतो. पुढं म्हणाली, "गिऱ्हाईक आण. बाकीचं आसू दे."

तेवढं मी करतोय. म्हणून तुम्हाला सांगतो. ती अजून तिथंच असते, कसबा बावडा, कारखान्याचा रस्ता, सकाळी सहा ते आठ, एक म्हैस. तुम्ही कोल्हापूरचे असाल, तुमच्या पायात चप्पल असेल, तर उद्या सकाळी तिथं जा आणि तिच्यासमोर उभे राहून एक ग्लास प्या. येणार नसाल तर येतो म्हणून मला लिहू नका.